डोक्याचा घेर आणि पेशीविभाजनाचे गणित

बाळ जन्माला आले की त्याच्या वजनाची चौकशी सगळेच करतात. किती किलो, किती ग्रॅम, हा हिशेब आत्या-मावशांपर्यंत तासाभरात पोहोचतो. परिचारिकेने बाळाच्या डोक्याभोवती फीत धरून घेतलेले दुसरे माप मात्र कागदावरच राहते. पूर्ण दिवस भरलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारणपणे ३४ सेंटीमीटरच्या आसपास असतो. तो अपेक्षेपेक्षा फारच कमी भरला, तर डॉक्टर ‘मायक्रोसेफली’ हा शब्द उच्चारतात. डोके लहान असणे, एवढाच त्याचा शब्दशः अर्थ. कवटी लहान राहिली म्हणून मेंदू लहान राहिला, असा अनेकांचा समज असतो. बहुतेक वेळा प्रकार नेमका उलटा असतो. मेंदू वाढतो तशी कवटी वाढते. (कवटीचे सांधे अकाली जुळून येणे हा वेगळा विकार आहे.) त्यामुळे फितीवरचा तो आकडा म्हणजे गर्भावस्थेच्या एका ठरावीक काळात मेंदूच्या मूलपेशींचे विभाजन किती वेळा आणि किती बिनचूक झाले, याची बरीचशी नोंदच असते.

शाळेच्या प्रयोगशाळेत कांद्याच्या मुळाच्या टोकाची काचपट्टी पाहिलेल्या वाचकांना पेशीविभाजनाची चित्रे आठवत असतील. दुप्पट झालेली गुणसूत्रे आखूड व जाड होतात, मध्यावर रांगेत येतात, तुर्कतंतू त्यांना दोन टोकांकडे ओढून नेतात आणि एका पेशीच्या दोन पेशी होतात. त्वचा, आतडे, अस्थिमज्जा, सगळीकडे हीच यंत्रणा काम करते. संशोधकांना कोडे पडले ते इथेच. जी यंत्रणा साऱ्या शरीराला सामाईक आहे, तिचा एखादा सुटा भाग सदोष निघाला तर नुकसान साऱ्या शरीराचे व्हायला हवे. प्रत्यक्षात अशा कित्येक दोषांमध्ये मुलाची उंची जवळपास सामान्य असते, हृदय व मूत्रपिंडे ठीक असतात. लहान राहतो तो मेंदू. असे का व्हावे?

भिंतीतली ये-जा

उत्तरासाठी आधी जागा पाहिली पाहिजे. गर्भधारणेनंतरच्या चौथ्या आठवड्याच्या अखेरीस गर्भाच्या पाठीकडील पेशींची पट्टी दुमडून तिची बंद नळी होते. या चेतानलिकेचे पुढचे टोक फुगून मेंदू होतो आणि आतल्या पोकळीत द्रव भरतो. मेंदूच्या मूलपेशी असतात त्या या पोकळीला लागून असलेल्या भिंतीत. त्यांचा आकार चमत्कारिक म्हणावा असा असतो. प्रत्येक पेशी लांबलचक. तिचा एक पाय आतल्या पोकळीच्या काठावर, तर दुसरा धाग्यासारखा लांबत थेट मेंदूच्या बाहेरच्या पृष्ठभागाला टेकलेला. पेशीचा फुगीर भाग, म्हणजे केंद्रक असलेला भाग, मध्ये कुठे तरी. पुढे भिंत जाड होत गेली की हे धागे अधिकच लांब होतात आणि नव्या चेतापेशी त्यांनाच धरून बाहेरच्या दिशेने चढत जातात. रेडियल ग्लिया या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पेशींना दीर्घकाळ केवळ आधाराचे खांब समजले जात होते. चेतापेशींना जन्म देणाऱ्या मूलपेशी त्याच आहेत, हे २००० सालाच्या सुमारास झालेल्या प्रयोगांनी स्पष्ट केले.

सूक्ष्मदर्शकाखाली या भिंतीचा छेद पाहिला तर केंद्रके निरनिराळ्या उंचीवर दिसतात, आणि विभाजन होत असलेल्या पेशी मात्र सगळ्या पोकळीच्या काठाला. एकोणिसाव्या शतकातील शरीरशास्त्रज्ञांनी यावरून भिंतीत दोन वेगळ्या जातींच्या पेशी आहेत, असा अर्थ काढला होता. एफ. सी. सॉअर या संशोधकाने १९३५ साली वेगळेच सांगितले. पेशी एकाच जातीच्या आहेत. त्यांची केंद्रके वर-खाली प्रवास करतात. डीएनएची प्रत तयार होत असताना केंद्रक काठापासून दूर असते, मग ते आत उतरते, काठाशी विभाजन होते आणि नव्या पेशींची केंद्रके पुन्हा दूर जातात. १९५९ मध्ये किरणोत्सारी खूण लावलेल्या थायमिडीनच्या साह्याने हा प्रवास सिद्ध झाला. मुंबईच्या लोकलमध्ये उतरायची वेळ आली की प्रवासी दाराशी सरकतो आणि त्याची आतली जागा दुसरा घेतो, तसाच काहीसा हा प्रकार. अरुंद भिंतीत जास्तीत जास्त पेशी सामावण्याचा तो एक मार्ग आहे.

केंद्रकाला काठाशीच का यावे लागते, याचे कारण सेंट्रोसोममध्ये आहे. दोन तारककेंद्रे आणि त्यांभोवतीची प्रथिने मिळून सेंट्रोसोम बनतो. विभाजनाच्या वेळी तुर्कतंतूंची दोन टोके बांधण्याचे काम त्याचे. विभाजन चालू नसते तेव्हा मात्र तो पोकळीच्या अगदी काठावर असतो, कारण द्रवात डोकावणारा एक केसासारखा सूक्ष्म तंतू त्याच्याच बुडख्यावर उभा असतो. हा तंतू म्हणजे पेशीचा अँटेना. पोकळीतल्या द्रवातून येणारे रासायनिक संदेश तो टिपतो. सेंट्रोसोम असा काठाला अडकलेला असल्याने केंद्रकालाच त्याच्यापाशी जावे लागते. तेथे पोहोचल्यावर तंतू आवरला जातो, सेंट्रोसोमची जोडी दोन बाजूंना सरकते आणि विभाजन सुरू होते. विशेष म्हणजे हे सारे चालू असताना बाहेरच्या पृष्ठभागाला टेकलेला लांब धागा तसाच राहतो. विभाजनानंतर तो दोनपैकी एका पेशीच्या वाट्याला येतो.

दुप्पट की एकास एक

मूलपेशीच्या विभाजनातून दोन मूलपेशी होऊ शकतात, किंवा एक मूलपेशी आणि दुसरी चेतापेशी होण्याच्या वाटेला लागलेली पेशी. पहिल्या प्रकारात भांडवल दुप्पट होते, दुसऱ्यात भांडवल तेवढेच राहून व्याज हाती येते. सुरुवातीला पहिला प्रकार, नंतर हळूहळू दुसरा, असा क्रम असतो. चेतापेशी पुन्हा विभागत नाही. प्रौढ माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात आणि त्यांपैकी सुमारे १,६०० कोटी मोठ्या मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे विचार, भाषा, स्मृती यांच्याशी निगडित असलेल्या सुरकुतलेल्या करड्या थरात. बाह्यकातील बहुतेक सर्व चेतापेशी जन्मापूर्वीच तयार झालेल्या असतात. तेव्हा व्याज खाण्याची सुरुवात किती लवकर झाली, यावर शेवटची रक्कम ठरते.

उंदरात या वेळापत्रकाची मोजणी झालेली आहे. बाह्यकातील चेतापेशी तयार होण्याच्या सुमारे सहा दिवसांत मूलपेशींचे ११ फेरे होतात. पहिल्या फेऱ्यांना आठेक तास लागतात, शेवटच्यांना अठराच्या आसपास. माणसात हा काळ कित्येक आठवड्यांचा असतो आणि फेरे अर्थातच जास्त. शिवाय माणसात काठापासून सुटून बाहेरच्या बाजूला वसलेल्या मूलपेशींची एक मोठी फळी असते, जी उंदरात नगण्य आहे. २०१० साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी जिवंत ऊतीत त्यांचे चित्रीकरण केले, तेव्हा विभाजनाच्या अगदी आधी या पेशीचे शरीर आपल्या धाग्यावरून बाहेरच्या दिशेला झटकन उडी मारते, असे दिसून आले.

दुप्पट की एकास एक, हे कशावरून ठरते? १९९५ मध्ये फेरेट या मुंगसासारख्या प्राण्यावर झालेल्या प्रयोगांतून एक आकर्षक कल्पना पुढे आली. विभाजनाची चीर काठाला काटकोनात पडली तर दोन्ही पेशींना काठाचा वाटा मिळतो आणि त्या सारख्या होतात. चीर काठाला समांतर पडली तर आतली मूलपेशी राहते आणि बाहेरची चेतापेशी होते. पाठ्यपुस्तकांत ही कल्पना झटकन रुळली. पण ती जशीच्या तशी टिकली नाही. तुर्कतंतूंना दिशा देणारे एक प्रथिन काढून टाकलेल्या उंदरांत चिरा वाटेल त्या कोनात पडू लागल्या, तरीही चेतापेशींची निर्मिती फारशी ढळली नाही. मूलपेशी मात्र आपली जागा सोडून भिंतीत विखुरल्या. थोडक्यात, कोनाला महत्त्व आहे, पण सगळा निकाल एकटा कोन देत नाही. काठाच्या वाट्याबरोबरच बाहेरच्या धाग्याचा वाटा, अँटेनाच्या पटलाचा वाटा, इतकेच नव्हे तर कोणता सेंट्रोसोम मिळाला, हेही पाहावे लागते. दोन सेंट्रोसोमपैकी एकात जुने तारककेंद्र असते व दुसऱ्यात नवे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार जुने तारककेंद्र असलेला सेंट्रोसोम बहुधा मूलपेशी म्हणून राहणाऱ्या पेशीकडे जातो. वडिलोपार्जित वाडा ज्याच्याकडे, गावात राहणारा तोच, असे म्हणावे अशी ही व्यवस्था!

यॉर्कशायरमधील कुटुंबे

या यंत्रणेचे महत्त्व सर्वांत ठळकपणे दाखवून दिले ते काही कुटुंबांनी. इंग्लंडच्या यॉर्कशायर भागात स्थायिक झालेल्या पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबांत जन्मतःच डोके लहान असलेली मुले आढळत होती. या कुटुंबांत चुलत-मावस भावंडांत विवाहाची पद्धत होती. लीड्स येथील डॉ. जेफ्री वुड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा अभ्यास केला आणि २००२ साली ‘एएसपीएम’ हे जनुक हाती लागले. त्याचा भाऊबंद फळमाशीत आधीच ठाऊक होता. तो बिघडला की माशीच्या पेशींतील तुर्कतंतूंची रचना विस्कटते. अनुवंशिक मायक्रोसेफलीच्या या प्रकारात सर्वाधिक वेळा सापडणारा दोष याच जनुकातला आहे. त्यानंतर या प्रकाराशी संबंधित पंचवीसहून अधिक जनुके सापडली. त्यांतील बरीचशी सेंट्रोसोम, तारककेंद्र वा तुर्कतंतू यांच्याशी निगडित प्रथिने घडवणारी आहेत, हा योगायोग नव्हे.

या मुलांच्या मेंदूची घडण बहुतांशी नेहमीसारखी असते, फक्त तो लहान असतो. बौद्धिक विकास मंद असतो, बोलणे उशिरा येते. मात्र अनेक मुले चालतात, बोलतात आणि घरात वावरतात.

आता गणित पाहू. एका मूलपेशीपासून दहा वेळा दुप्पट होत गेले तर १,०२४ पेशी होतात. समजा, प्रत्येक फेरीत दहा टक्के पेशी गळाल्या. दहा फेऱ्यांनंतर उरतात ३५७. चूक दहा टक्क्यांची, तूट जवळजवळ दोन तृतीयांशाची. हे उदाहरण केवळ समजुतीसाठी आहे, पण चक्रवाढीचे हे तत्त्व मेंदूला लागू पडते. आतड्यात वा त्वचेत गळती झाली तर ती भरून काढायला मूलपेशी आयुष्यभर असतात. मेंदूच्या बाह्यकाला मिळतात ते काही आठवडेच. कोड्याचे हे अर्धे उत्तर झाले.

उरलेले अर्धे अलीकडच्या काळात उलगडले आहे. तारककेंद्रे नसली तरी पेशी तुर्कतंतू उभारू शकते. फक्त त्याला वेळ जास्त लागतो. सूत्री विभाजन एरवी साधारण तासाभरात आटोपते. गुणसूत्रांची प्रत्येक जोडी दोन्ही बाजूंच्या तंतूंना नीट जोडली गेल्याशिवाय पेशी पुढे जात नाही, हा तपासणी नाका सर्वपरिचित आहे. त्याखेरीज पेशीत वेळ मोजणारा आणखी एक पहारेकरी आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत या अवस्थेला सुमारे दीड तासापेक्षा अधिक वेळ लागला, तर गुणसूत्रांची वाटणी अचूक झालेली असूनही नव्या पेशी पुढचे विभाजन नाकारतात. हा इशारा ‘पी५३’ या प्रथिनापर्यंत पोहोचतो आणि मेंदूच्या मूलपेशींत त्याचा परिणाम बहुधा मृत्यूत होतो. तारककेंद्रे बनू न शकणाऱ्या उंदरांत मेंदू लहान राहतो. त्याच उंदरांत पी५३ काढून टाकले तर पेशी वाचतात आणि मेंदूचा आकार बराच सावरतो, असे २०१४ साली दाखवण्यात आले. म्हणजे मेंदू लहान राहतो तो विभाजन अशक्य झाल्यामुळे नव्हे, तर उशिरा झालेल्या विभाजनाला दिल्या गेलेल्या कठोर शिक्षेमुळे. पी५३ दाबून टाकणे हा अर्थातच उपचार होऊ शकत नाही. कर्करोगाला अटकाव करणारा शरीरातील प्रमुख रक्षक तोच आहे.

सर्वच दोष या एका मार्गाने जातात, असे नाही. ज्या पेशी वाचतात त्यांपैकी काही लांबलेल्या विभाजनानंतर मूलपेशी राहण्याऐवजी चेतापेशी बनतात, म्हणजे व्याज अकाली खाल्ले जाते. एएसपीएमच्या बाबतीत तर उंदरांनी संशोधकांची दिशाभूलच केली. उंदरात हे जनुक निकामी केले की मेंदूत किरकोळ फरक पडतो. बाह्यकाला वळ्या असलेल्या फेरेटमध्ये २०१८ साली तोच प्रयोग केला, तेव्हा मेंदूचे वजन ४० टक्क्यांपर्यंत घटले. त्यांच्या मूलपेशी मुदतीपूर्वीच काठापासून सुटून बाहेर गेल्या होत्या.

निअँडरथलपेक्षा काही मिनिटे जास्त

विलंब म्हणजे नेहमी धोकाच, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. जर्मनीतील ड्रेस्डेन व लायपझिग येथील माक्स प्लांक संस्थांच्या शास्त्रज्ञांनी २०२२ साली एक वेधक तुलना प्रसिद्ध केली. गुणसूत्रांच्या वाटणीत भाग घेणाऱ्या तीन प्रथिनांत आधुनिक माणूस आणि निअँडरथल यांच्यात एकूण सहा अमिनो आम्लांचा फरक आहे. हे सहा बदल उंदरात आणले, तेव्हा त्यांच्या मेंदूच्या मूलपेशींत मध्यावस्था थोडी लांबली आणि गुणसूत्रे चुकीच्या पेशीत जाण्याचे प्रमाण घटले. मानवी मूलपेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या मेंदूसदृश ऊतीत हेच बदल उलटे फिरवले, तर चुका वाढल्या. तात्पर्य, रांग लावायला काही मिनिटे जास्त घेणे आपल्या पूर्वजांना मानवले असावे. यावरून निअँडरथल मंदबुद्धीचे होते, असे कोणी समजू नये. त्यांचा मेंदू आकाराने आपल्याएवढाच होता. मिनिटांचा फरक लाभाचा आणि अर्ध्या तासाचा घातक, अशा अरुंद पट्ट्यात ही यंत्रणा चालते, एवढे मात्र त्यातून कळते.

आठवा ते पंधरावा आठवडा

जनुकांत काहीही दोष नसताना बाहेरून आलेला आघातही हेच घडवू शकतो. हिरोशिमा व नागासाकी येथे १९४५ साली आईच्या पोटात असलेल्या मुलांची पुढे वर्षानुवर्षे पाहणी झाली. तीव्र किरणोत्साराचा बौद्धिक विकासावर सर्वाधिक परिणाम झाला तो गर्भधारणेनंतरच्या आठव्या ते पंधराव्या आठवड्यात असलेल्या गर्भांवर. सोळाव्या ते पंचविसाव्या आठवड्यात तो कमी होता. आठव्याच्या आधी आणि पंचविसाव्यानंतर असा परिणाम आढळला नाही. मूलपेशींचे विभाजन आणि चेतापेशींची निर्मिती जोरात चालू असते, तोच हा काळ.

झिका विषाणूने हीच कहाणी पुन्हा सांगितली. युगांडाच्या जंगलात १९४७ साली सापडलेला हा विषाणू कित्येक दशके किरकोळ तापाचे कारण समजला जात होता. २०१५ मध्ये ब्राझीलच्या ईशान्य भागात मायक्रोसेफलीची बालके मोठ्या संख्येने जन्माला येऊ लागली आणि जागतिक आरोग्य संघटनेने १ फेब्रुवारी २०१६ रोजी आणीबाणी जाहीर केली. त्याच वर्षीच्या संशोधनातून हा विषाणू मेंदूच्या मूलपेशींत शिरतो, त्यांचे विभाजन मंदावतो आणि त्यांना मारतो, हे समोर आले. बाधित पेशींत सेंट्रोसोमपाशी असायला हवे असलेले एक प्रथिन तेथून हलून पेशीतील ऊर्जाकेंद्रांकडे, म्हणजे तंतुकणिकांकडे गेलेले आढळले. विषाणू नवा, पण घाव जुन्याच ठिकाणी.

महाराष्ट्रात झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात बेलसर येथे आढळला. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे शहरात रुग्ण सापडले, त्यांत अनेक गर्भवती होत्या. अशा बातम्यांनी घराघरांत जी धास्ती पसरते, तिला उत्तर म्हणून एक आकडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार गर्भावस्थेत संसर्ग झालेल्या मातांच्या ५ ते १५ टक्के बालकांत झिकाशी संबंधित दोष आढळतात. म्हणजे बहुसंख्य बालके यातून सुटतात. झिकावर मान्यताप्राप्त लस अद्याप नाही. एडिस डासांपासून बचाव आणि लैंगिक संबंधांतून होणाऱ्या संसर्गाबाबत खबरदारी, एवढेच उपाय हाती आहेत.

अनुवंशिक प्रकाराबाबतही आपल्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. मामाच्या मुलीशी विवाह करण्याची चाल महाराष्ट्रातील काही समाजांत अजून आहे. दोषी जनुकाची एकेक प्रत आई-वडील दोघांकडे असेल, तर प्रत्येक गर्भारपणात अपत्याला विकार होण्याची शक्यता चारात एक असते. पहिले मूल निरोगी निघाले म्हणून दुसऱ्याची शक्यता कमी होत नाही आणि पहिले बाधित असले म्हणून ती वाढतही नाही. दोष त्यामुळे एकट्या आईच्या पदरात टाकणे निव्वळ चुकीचे आहे. त्यापायी सासरी बोल ऐकून घ्यावे लागणाऱ्या बायका मात्र आजही आहेत. कुटुंबात असे मूल असेल, तर पुढच्या गर्भारपणाआधी अनुवंशशास्त्राच्या तज्ज्ञांचा सल्ला घेऊन नेमका दोष शोधता येतो. तो सापडला तर पुढच्या गर्भाची लवकर तपासणी शक्य होते. केवळ सोनोग्राफीवर विसंबले तर अठराव्या-विसाव्या आठवड्यात डोक्याचे माप ठीक दिसू शकते आणि तूट उशिरा, कधी कधी शेवटच्या तिमाहीत लक्षात येते. २०२१ च्या सुधारित कायद्यानुसार २४ आठवड्यांनंतर गंभीर दोषाच्या कारणास्तव गर्भपाताचा निर्णय वैद्यकीय मंडळाच्या निदानावर अवलंबून असतो. वेळेचे महत्त्व येथेही आहेच.

लहान राहिलेला मेंदू मोठा करण्याचा उपाय नाही. वाचा-उपचार, व्यायामोपचार आणि फिट्स येत असल्यास औषधे यांचा मात्र उपयोग होतो, आणि ते जितक्या लवकर सुरू होतील तितके बरे. जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत दर भेटीला डोक्याचा घेर मोजून तो वाढीच्या आलेखावर मांडला जातो. एका दिवसाच्या मापापेक्षा त्या रेषेची चाल अधिक बोलकी असते. आई-वडिलांपैकी एकाचे डोके मुळातच लहान असेल आणि बाळाची रेषा खालून का होईना पण समांतर चढत असेल, तर काळजीचे कारण सहसा नसते. रेषा सपाट होऊ लागली तर बालरोगतज्ज्ञ पुढच्या तपासण्या सांगतात.